ग्रंथपालाचं काम उरेल का, आणि ते शिकायचं कोणाकडून?

प्रश्न थोडक्यात असा आहे: ‘एम.लिब. झालं, सेटही झाली. तालुक्याच्या एका महाविद्यालयात ग्रंथालयात हंगामी नेमणूक मिळते आहे, तिथले ग्रंथपाल दोन वर्षांत निवृत्त होतील. दुसरीकडे पुण्यात एका कंपनीत डिजिटायझेशनचं काम आहे, पगार जवळजवळ दुप्पट. घरचे म्हणतात, आता सगळं मोबाइलवर मिळतं, ग्रंथपाल हवाय कोणाला? पाठीशी कोणी अनुभवी माणूस असावा असं वाटतं, पण तो शोधायचा कसा, आणि त्याच्याकडून नेमकं घ्यायचं काय?’

घरच्यांची काळजी रास्त आहे, ती उडवून लावू नका. महाविद्यालयांत ग्रंथपालांच्या जागा वर्षानुवर्षं रिकाम्या राहतात आणि भरल्या तरी पुष्कळदा हंगामीच भरल्या जातात. सार्वजनिक ग्रंथालयांत तर पैशाची ओढाताण आणखी मोठी. १९६७ च्या कायद्यामुळे महाराष्ट्रात गावोगावी शासनमान्य वाचनालयं उभी राहिली, ही फार मोलाची गोष्ट झाली. पण ‘ड’ म्हणजे सगळ्यात खालच्या वर्गाच्या वाचनालयात ग्रंथपालाच्या हाती महिन्याला जे पडतं, त्यात एकट्या माणसाचंही भागत नाही. हे सगळं जवळून पाहूनही मी तुम्हाला तालुक्याच्या महाविद्यालयात जा असंच सांगेन. अट एकच: तिथले ग्रंथपाल तुम्हाला वाचकांसमोर बसू देणारे हवेत. मागच्या खोलीत फायली करायला बसवणारे असतील तर पुण्याला जा.

ही अट का घालते, ते सांगायला थोडं मागे जावं लागेल.

मी या कामात आले तेव्हा तालिकापत्रं, म्हणजे पुस्तकांच्या नोंदींची कार्डं, टंकयंत्रावर निघत. एका पुस्तकाची तीन-चार पत्रं व्हायची, लेखकाचं, शीर्षकाचं, विषयाचं. ती लाकडी खणात अकारविल्हे लावायची आणि खालच्या भोकांतून सळई सरकवायची. नव्वदच्या दशकात संगणक आला आणि त्याच्याबरोबर युनेस्कोचं सीडीएस-आयसिस हे ग्रंथनोंदींचं सॉफ्टवेअर. ते शिकलो तोवर पुण्यात तयार झालेलं स्लिम, विद्यापीठांची ग्रंथालयं जोडणाऱ्या इन्फ्लिबनेट या संस्थेचं सोल आणि मग न्यूझीलंडच्या एका ग्रंथालयाने करवून घेऊन जगाला मोकळं करून दिलेलं कोहा. २००९ नंतर प्रबंध ‘शोधगंगे’त, म्हणजे प्रबंधांच्या राष्ट्रीय ऑनलाइन संग्रहात, जाऊ लागले. महाविद्यालयांना एन-लिस्ट या योजनेतून ई-पुस्तकं आणि ई-नियतकालिकं मिळू लागली. साहित्यचौर्याबद्दल यूजीसीचे २०१८ चे नियम आले आणि प्रबंध तपासून अहवाल काढायचं काम बहुतेक ठिकाणी ग्रंथालयाकडे आलं. जानेवारी २०२५ पासून ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ सुरू झालं आहे. त्यात सरकारी उच्चशिक्षण आणि संशोधन संस्थांना तीस प्रकाशकांची जवळजवळ १३,००० नियतकालिकं एकदम खुली झाली.

हुद्दा तोच राहिला, पण दर सात-आठ वर्षांनी हातातलं काम पार बदलत गेलं. यातलं जवळजवळ काहीच माझ्या अभ्यासक्रमात नव्हतं. तुमच्या अभ्यासक्रमात जे आहे, त्यातलंही पुष्कळसं तुम्ही चाळिशीला याल तेव्हा जुनं झालेलं असेल. तेव्हा ‘कोणतं सॉफ्टवेअर शिकू?’ या प्रश्नात फार अडकू नका. जे समोर येईल ते शिकाल, सगळेच शिकतात.

जे कुठल्याच सॉफ्टवेअरबरोबर येत नाही ते म्हणजे वाचकाचा प्रश्न ऐकणं. हे मी माझ्या पहिल्या ग्रंथपाल सरांकडून शिकले. ते कसं, ते नीट सांगते.

एकदा बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाची एक मुलगी देवघेवीच्या टेबलाशी आली आणि म्हणाली, ‘दुष्काळावरचं पुस्तक आहे का?’ मी विषयाच्या खणाकडे वळले. सर शेजारीच होते. त्यांनी तिला खुर्ची दिली आणि विचारलं, ‘कुठल्या विषयाचा प्रकल्प? किती पानांचा? कधी द्यायचाय?’ भूगोलाचा, वीस पानांचा, पंधरा दिवसांनी. ‘गाव कुठलं तुझं?’ तिने गावाचं नाव सांगितलं. ‘मग तुला कुठला दुष्काळ हवाय?’ ती जरा थांबली आणि म्हणाली, ‘बहात्तरचा. घरी सगळे त्याच्याबद्दलच बोलतात.’

सरांनी संदर्भ विभागातून १९७१ ची जिल्हा जनगणना पुस्तिका काढली. तिच्या ग्रामसूचीत प्रत्येक गावाची एक ओळ असते: लोकसंख्या, क्षेत्रफळ, शाळा आहे की नाही, पिण्याचं पाणी विहिरीचं की नदीचं. आपल्या गावाच्या ओळीवर त्या मुलीचं बोट पडलं तेव्हा तिच्या चेहऱ्यावर जे उमटलं, ते पाहिल्यापासून मी या कामात का आहे असा प्रश्न मला पडलेला नाही. मग जिल्ह्याचं गॅझेटियर आलं. ब्रिटिश काळातल्या दुष्काळांची नोंद त्यात होती. रोजगार हमीच्या कायद्याची प्रत आली, कारण बहात्तरच्या दुष्काळी कामांचा धागा तिथवर जातो. वर्तमानपत्रांच्या बांधीव खंडांतले दोन महिने तिला काढून दिले. शेवटी सर म्हणाले, ‘आजी आहे ना घरी? खडी फोडायला कोण कोण गेलं होतं, मजुरी काय मिळायची, सुकडी कुठे वाटायचे, हे तिला विचार आणि लिहून आण.’

‘दुष्काळ’ या विषयाच्या खणात आमच्याकडे दोनच पुस्तकं होती. मी ती दिली असती, मुलीने नेली असती आणि दोघींनाही काम झाल्यासारखं वाटलं असतं.

मुलगी असताना सर मला काहीच बोलले नाहीत. ती गेल्यावर त्यांनी एवढंच विचारलं, ‘तिने पहिल्यांदा काय मागितलं, आणि शेवटी काय नेलं?’ मग एक कोरी वही दिली. मधोमध रेघ मारायची. डावीकडे काय मागितलं, उजवीकडे काय नेलं. शनिवारी दुपारी गर्दी ओसरली की आम्ही ती वही घेऊन बसत असू. काही ओळींवर ते बोट ठेवत आणि म्हणत, ‘इथे मागितलं आणि नेलं एकच आहे. तू पुढे विचारलंस का?’ काही वेळा खरंच तेवढंच हवं असायचं. काही वेळा वाचक संकोचून परत गेलेला असायचा.

मेंटॉर, मार्गदर्शक, काहीही म्हणा, त्याच्याकडून घ्यायचं ते हे. त्याच्या डोक्यातली माहिती तुम्हाला पुस्तकांतही मिळेल. प्रश्न समोर आल्यावर तो काय करतो, कुठे थांबतो, कुठे पुढे विचारतो, हे शेजारी बसूनच दिसतं. आणि आपण काय केलं हे दुसऱ्या दिवशी कोणीतरी आपल्याला विचारावं लागतं.

आपल्या क्षेत्राचा इतिहासही हेच सांगतो. भारतातल्या ग्रंथालयशास्त्राचे जनक मानले जाणारे एस. आर. रंगनाथन मूळचे गणिताचे प्राध्यापक. १९२४ मध्ये मद्रास विद्यापीठाच्या ग्रंथपालपदावर रुजू झाले आणि थोड्याच दिवसांत इतके कंटाळले की परत शिकवायला जाऊ द्या म्हणून अधिकाऱ्यांच्या मागे लागले. तडजोड अशी झाली की आधी लंडनला जाऊन ग्रंथालयशास्त्र शिकून या. तरीही नको वाटलं तर गणिताची जागा तुमचीच. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात त्यांना बर्विक सेयर्स भेटले. सेयर्स वर्गीकरण शिकवत आणि क्रॉयडनच्या सार्वजनिक ग्रंथालयाचे प्रमुखही होते, म्हणजे शिकवणारा माणूस रोज वाचकांत वावरणारा होता. रंगनाथन त्यांच्या मार्गदर्शनाखाली इंग्लंडमधली ग्रंथालयं पाहत हिंडले. परतले ते गणित विसरूनच म्हणा ना. १९३१ मध्ये ग्रंथालयशास्त्राची पंचसूत्रं, १९३३ मध्ये द्विबिंदू ही पुस्तकांच्या वर्गीकरणाची पद्धत. यातली एक गोष्ट अभ्यासक्रमात फारशी ठसवली जात नाही: १९२९ मध्येच त्यांनी मद्रासला ग्रंथालय-प्रशिक्षणाचे वर्ग सुरू केले. मोठे ग्रंथ लिहून झाल्यावर शिकवू, असं ते म्हणाले नाहीत.

बडोद्यातही तसंच घडलं. सयाजीराव महाराजांनी १९१० मध्ये अमेरिकेहून विल्यम बॉर्डन या ग्रंथपालांना बोलावलं. बॉर्डन तीनच वर्षं राहिले, पण १९११ मध्ये त्यांनी प्रशिक्षणाचा वर्ग काढला होता. म्हणून ते गेल्यावरही कुडाळकरांसारखी इथली माणसं ती यंत्रणा पुढे नेऊ शकली. नुसती ग्रंथालयाची इमारत बांधून ते परतले असते, तर आज बडोद्याचं नाव या संदर्भात कोणी घेतलं नसतं.

तुम्ही विचाराल, आमच्या भागात असे सेयर्स कुठे भेटणार? तुम्ही एका माणसात सगळं शोधू नका. माझं शिक्षण निदान तीन प्रकारच्या माणसांकडून झालं. एक ते सर, आणि उरलेल्या दोघांच्या हुद्द्यात ‘ग्रंथपाल’ हा शब्दच नव्हता.

पहिले आमचे परिचर. सगळे त्यांना मामा म्हणत. वर्गांक-ग्रंथांक, म्हणजे पुस्तकावरचे विषयाचे आणि पुस्तकाचे क्रमांक, त्यांना वाचता येत, पण त्यांना त्याची गरज क्वचितच पडे. मराठी कादंबरीचा ड्यूई वर्गीकरणपद्धतीतला वर्गांक ८९१.४६३, आमच्याकडे कपाटामागून कपाटं त्या एकाच आकड्याखाली उभी होती. त्यात चुकीच्या जागी गेलेलं पुस्तक म्हणजे हरवलेलंच. मामांना मात्र ठाऊक असे की अमुक लेखकाची पुस्तकं परीक्षेच्या दिवसांत कुठल्या कपाटावर आडवी पडतात, आणि कोण पोरं आवडतं पुस्तक दुसऱ्या विषयात दडवून ठेवतात. साठा पडताळणीला मी त्यांच्याबरोबर होते. आलेल्या प्रत्येक पुस्तकाची नोंद असते त्या दाखल नोंदवहीतला एकेक क्रमांक वाचायचा आणि पुस्तक हातात घ्यायचं. तरुण मंडळी हे काम टाळतात, कंटाळवाणं समजतात. तुम्ही ते मागून घ्या. संपूर्ण संग्रह एकदा हाताखालून जाण्याची संधी पुन्हा लवकर येत नाही. कुठल्या काळात कुठल्या विषयाची खरेदी झाली, कुठे अनुदान आटलं, कोणत्या प्राध्यापकाने कोणता विभाग जोपासला, हे सगळं त्या वहीत दिसतं, आणि मामांसारखं माणूस शेजारी असेल तर त्यामागची कारणंही कळतात.

दुसरा माझ्याहून वीस-एक वर्षांनी लहान सहकारी. आमचा जुना डेटा युनिकोडपूर्व फाँटमध्ये टाइप केलेला होता. कोहात न्यायला घेतला तर पडद्यावर नुसती अक्षरांची खिचडी. त्याने रूपांतर करून घेतलं, आणि मग खरी गंमत पुढे होती. ‘ॲ’ हे अक्षर संगणकावर तीन तऱ्हांनी लिहिता येतं: एकसंध ‘ॲ’, ‘अ’ला वेगळा चंद्र जोडून ‘अॅ’, आणि हिंदी कळफलकावरचा ‘ऍ’. डोळ्यांना पहिली दोन सारखीच दिसतात, यंत्राला ती वेगळी. वाचक एका पद्धतीने टाइप करतो, नोंद दुसऱ्या पद्धतीने झालेली असते, आणि पुस्तक कपाटात असून ‘उपलब्ध नाही’ असं उत्तर येतं. त्यात नावांचा घोळ: कुसुमाग्रज एका नोंदीत, वि. वा. शिरवाडकर दुसरीत, ‘शिरवाडकर, विष्णु वामन’ तिसरीत. यंत्राच्या लेखी माणसं तीन. तो मला लिपीचं शिकवत होता आणि मी त्याला नामनोंदीच्या नियमांचं. दोघांनी मिळून एक प्रमाणित यादी केली आणि सगळ्या नोंदी तिच्यात आणल्या. महिने गेले त्यात. अशा कामात वयाने मोठं कोण याला अर्थ नसतो, आणि हे ज्या ज्येष्ठांना पटतं तेच चांगले शिकवतात.

आता शोधायचं कसं. ‘माझे मेंटॉर व्हा’ असं कोणाला विचारायला जाऊ नका. समोरचा गोंधळतो, किंवा दोन उपदेश करून मोकळा होतो. एखादा नेमका प्रश्न घेऊन जा. ‘सर, स्वायत्त महाविद्यालयाच्या नव्या अभ्यासक्रमासाठी खरेदीची यादी करतेय, या वीस नावांतली कुठली दहा घ्याल?’ याला उत्तर देताना अनुभवी माणूस आपोआप कारणं सांगायला लागतो, आणि ती कारणं ऐकायलाच तर आपण गेलेलो असतो. दहापैकी सहा घेतलीत, चार नाही घेतलीत, असं का ते पुढच्या खेपेला जाऊन सांगा. पुन्हा येणाऱ्या माणसालाच कोणी मनापासून शिकवतं. उजळणी वर्गात, जिल्हा ग्रंथालय संघाच्या बैठकीत, शेजारच्या तालुक्याच्या जुन्या नगरवाचनालयात अशी माणसं भेटतात. रत्नागिरीचं नगर वाचनालय १८२८ पासूनचं, पुण्याचं नगर वाचन मंदिर १८४८ चं, ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ चं. अशा जुन्या संस्थांत अजून अशी माणसं आहेत ज्यांना दुर्मीळ पुस्तकाचा कागद हाताला लागताच तो किती ठिसूळ झालाय हे कळतं. महाविद्यालयात नोकरी करत असलात तरी तिथे जाऊन बसा.

सावधही राहा. काही ज्येष्ठ शिकाऊ माणसाला नॅकच्या म्हणजे महाविद्यालयाच्या मूल्यांकनाच्या फायली, वार्षिक अहवाल आणि टंकलेखनातच अडकवून ठेवतात आणि त्यालाच अनुभव म्हणतात. फायली कराव्या लागतील, त्यांतून संस्था कशी चालते हे कळतंही. पण आठवड्यातले दोन दिवसदेखील तुम्ही वाचकांसमोर नसाल तर शिकणं थांबलंय असं समजा आणि तसं स्पष्ट, नम्रपणे बोला. नोकरीची शिफारस करणारा माणूस वेगळा आणि कामात घडवणारा वेगळा, हेही लक्षात असू द्या. पहिल्याचे आभार माना, दुसऱ्याला धरून राहा.

मोबाइलवर सगळं मिळतं, या आक्षेपाबद्दल. गेल्या काही वर्षांत एम.ए.ची, पीएच.डी.ची मुलं एआयने करून दिलेली संदर्भसूची घेऊन येतात. लेखकाचं नाव ओळखीचं, नियतकालिक खरं, वर्ष, खंड, पृष्ठांक सगळं व्यवस्थित, आणि तो लेख अस्तित्वातच नसतो. एकेक नोंद नियतकालिकाच्या मूळ अंकात, डीओआय म्हणजे लेखाच्या कायमच्या ऑनलाइन क्रमांकावर, शोधगंगेत ताडून बघावी लागते. मग विद्यार्थ्याला न दुखावता सांगावं लागतं, की यातल्या या या नोंदी काढून टाक, आणि तुला जे म्हणायचं होतं त्याला आधार देणारं खरं साहित्य हे आहे. दुष्काळाच्या प्रश्नाला जे कौशल्य लागलं तेच इथेही लागतं. माझ्या मते पुढची दहा वर्षं ग्रंथपालाला याच कामासाठी जास्त बोलावणं येईल. मराठीत तर विशेषच, कारण आपलं जुनं साहित्य अजून मोठ्या प्रमाणात महाजालावर नाही आणि जे आहे ते नीट सापडत नाही.

पुण्याच्या नोकरीला मी कमी लेखत नाही. स्कॅनिंगची प्रत, मेटाडेटा म्हणजे फाइलीबद्दलची माहिती, फाइलींचं जतन, हे शिकण्यासारखं आहे, आणि घरची गरज मोठी असेल तर पगार हे पुरेसं कारण आहे. त्यात अपराधी वाटायचं काही नाही. तिथे गेलात तर दर शनिवारी शहरातल्या एखाद्या ग्रंथालयात संदर्भ विभागात विनामोबदला काम मागा. फक्त हे ध्यानात ठेवा, की तंत्र तुम्ही तीन वर्षांनीही शिकू शकाल, पण निवृत्तीला आलेला ग्रंथपाल तीन वर्षांनी त्या टेबलाशी नसेल. त्यांना ठाऊक असलेलं बरंचसं कुठेही लिहिलेलं नसतं: गावातल्या कोणाच्या माडीवर जुन्या मासिकांचे संच आहेत, कोणाच्या वारसांनी संग्रह द्यायचं कबूल केलंय, १९६०-७० च्या खरेदीतली कुठली पुस्तकं पुन्हा मिळणार नाहीत म्हणून निर्लेखनातून, म्हणजे पुस्तकं रद्द करण्यातून, मुद्दाम वगळली. रुजू झालात तर पहिल्या सहा महिन्यांत हे सगळं त्यांच्याकडून विचारून लिहून घ्या.

आणि स्वतः शिकवायला निवृत्तीची वाट पाहू नका. पहिल्याच वर्षी ग्रंथालयात कमवा-शिका योजनेतली मुलं असतील. त्यांना नुसती पुस्तकं लावायला सांगू नका. एकाला तासभर टेबलाशी बसवा आणि संध्याकाळी विचारा, कोणी काय मागितलं आणि काय नेलं. त्यांना समजावताना आपलं कुठे कच्चं आहे ते तुमच्या तुम्हालाच कळेल.

निर्णय घेण्याआधी एक दिवस त्या महाविद्यालयात जाऊन या. मुलाखतीच्या दिवशी नको, एरवी, सकाळी अकराच्या सुमाराला तास सुटतात तेव्हा. वाचनकक्षात बसा. मुलं टेबलाशी आल्यावर ग्रंथपाल मान वर करून बोलतात का, कोणी प्रश्न विचारला तर उठून कपाटापर्यंत जातात का, परिचराला कसं हाक मारतात, हे बघा. नंतर त्यांना भेटा, आणि शेवटची साठा पडताळणी कधी झाली, त्यातून काय निघालं, हे विचारा. उत्साहाने दाखल नोंदवही काढून दाखवू लागले तर नेमणूकपत्र स्वीकारा.